एकशे सत्तावीस डिग्रीचा उन्हाळा

हिंगणीत नानाजींना कोणी "आज किती तापलं जी?" असं विचारलं, तर ते आजचं सांगत नसत. "आजचं मले काय माहीत? माह्यापाशी आता पारा नाई. अठ्ठ्याहत्तर सालच्या याच तारखेले चव्वेचाळीस पॉइंट दोन होते," असं म्हणून ते डोळे मिटत. मग त्यांना अठ्ठ्याहत्तर सालचा तो सबंध दिवस दिसू लागे, धरणाच्या पाण्यात नाकापर्यंत बुडालेल्या म्हशींसकट, आणि विचारणारा समोरून निघून गेला तरी त्यांच्या लक्षात येत नसे.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी धरणावर हवामानाच्या नोंदी घेतल्या होत्या. सकाळी साडेआठला किमान, संध्याकाळी साडेपाचला कमाल. पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी उघडायची, पाऱ्याच्या रेषेत डोळा आणायचा, आकडा वहीत लिहायचा, पेटी लावायची. नोकरीला लागले त्या दिवशी साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, हाताला विचारायचं नाही, पाऱ्याला विचारायचं. दोन, रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकामा रकाना दिसला की वरून विचारणा होते, आणि खात्यात विचारणेला उत्तर देण्यापेक्षा दुसरं धरण बांधणं सोपं. नानाजींनी ही दोन्ही वाक्यं इतकी मनावर घेतली, की कोणाच्या लग्नपत्रिकेत कोपरा कोरा दिसला तरी त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे जाई.

अठ्ठ्याण्णव साली ते निवृत्त झाले आणि खात्यानं त्यांच्याबरोबर त्यांची जागाही निवृत्त करून टाकली. पांढऱ्या पेटीत चिमण्यांनी संसार मांडला. नानाजींचं काही म्हणणं नव्हतं. ते ओसरीवर खाटेवर पडून जुने उन्हाळे आठवत असत, आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई नवे उन्हाळे निस्तरत असत.

हे असंच चाललं असतं. पण एका दिवाळीत त्यांनी समोरच्या भैय्याजींच्या किराणा दुकानातून फुटाणे आणले, आणि फुटाणे संपल्यावर पुडीच्या कागदावर त्यांना स्वतःचं अक्षर दिसलं. तेवीस मे एकोणीसशे एकोणऐंशी, कमाल पंचेचाळीस पॉइंट एक. ऑफिसनं वह्या रद्दीत काढल्या होत्या. एकोणऐंशीचा मे महिना भैय्याजींनी फुटाण्यांत वाटून टाकला होता आणि जून शेंगदाण्यांत सुरू होता. नानाजी दोन दिवस जेवले नाहीत.

नशीब एवढंच, की प्रत्येक वहीची एक नक्कल त्यांनी घरी पेटीत ठेवली होती. पुढच्याच आठवड्यात नागपूरहून माधवी मॅडम आल्या. उन्हाळे कसे बदलले यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. ऑफिसात काही मिळालं नाही म्हणून कोणीतरी त्यांना इकडे पाठवलं होतं. ओसरीवर बसून त्यांनी चार-पाच वह्या उलटल्या आणि म्हणाल्या, "नानाजी, एकही दिवस सुटलेला नाही हो! अशी अखंड नोंद मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही." अखंड हा शब्द ऐकून नानाजींचे कान लाल झाले. मॅडमनी चौऱ्याऐंशी सालच्या वहीला हात घातला, तसे ते म्हणाले, "चहा थंडा होऊन राह्यला," आणि पेटीचं झाकण लावून घेतलं.

ठरलं असं, की वह्यांना वाळवी लागायच्या आत नानाजींनी सगळे उन्हाळे कॉम्प्युटरवर उतरवायचे. मॅडमना फक्त उन्हाळेच हवे होते. पाच जूनला येऊन त्या सगळं आपल्या बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर घेऊन जाणार होत्या.

कॉम्प्युटर दिला जावयानं. नानाजींची मुलगी सपना पुण्याला दिलेली, आणि जावई प्रफुल तिथं एका कंपनीत संगणकातच होता. संक्रांतीला आला तेव्हा त्यानं आपला जुना कॉम्प्युटर आणला, त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं, आणि फुकट असतं, व्हायरस लागत नाही वगैरे गुण सांगितले. नानाजींना त्यातलं काही कळलं नाही. जावयाकडून वस्तू घ्यायची म्हणजे गंगा उलटी वाहण्यातला प्रकार होता, म्हणून त्यांनी बदल्यात एक कट्टा तूरडाळ पुण्याच्या गाडीत घातली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं. प्रफुल मोठा समजूतदार. सासऱ्यांची आवड ओळखून त्यानं पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक इवलासा थर्मामीटर आणून ठेवला होता. त्यापुढे दोन आकडे दिसत. एक कॉम्प्युटरच्या मेंदूचा, एक आतल्या पाटीचा. नानाजी रोज सकाळी कॉम्प्युटर लावून आधी ते आकडे वाचत आणि मगच चहा पीत. नऊ वर्षांनी त्यांच्या वाट्याला पुन्हा काहीतरी वाचायला आलं होतं.

काम अगदी सावकाश चाललं. टायपिंग येत नव्हतं हे एक, पण खरं कारण निराळं होतं. प्रत्येक आकड्यासरशी तो दिवस दारात येऊन उभा राही. एक्केचाळीस पॉइंट आठ लिहिलं की बोरीच्या झाडाखाली झोपलेला चौकीदार दिसे. चव्वेचाळीस लिहिलं की सपना जन्मली ती दुपार, आणि दवाखान्याच्या फरशीवर शिंपडलेल्या पाण्याचा वास. नानाजींचं बोट बटणावर तसंच राही आणि पडद्यावर चार चार चार चार असे चार उमटत जात. तासाला सात-आठ दिवस पुढे सरकत. प्रमिलाबाई म्हणत, "अवो, एवढ्या वेळात तं खरोखरचा उन्हाळा सरून जाईन." नानाजी हसत. इतके सुखाचे दिवस त्यांना नोकरीतही आले नव्हते. मे उजाडला तेव्हा तीन उन्हाळे उरले होते, आणि चौऱ्याऐंशीची वही दर खेपेला आपोआप सगळ्यांच्या खाली जात होती.

मेच्या आठ तारखेला, दुपारच्या गुंगीत, त्यांनी त्या थर्मामीटरवर टिचकी मारली. एक यादी उघडली. पहिल्या ओळीपुढच्या चौकटीत खूण, दुसऱ्या ओळीपुढच्या चौकटीत खूण, तिसरी चौकट रिकामी.

आता जन्मभर ज्या माणसानं रकाना रिकामा सोडला नाही, त्याला तुम्ही दोष तरी काय देणार? त्यांनी खूण केली. वर तिसरा आकडा उमटला, तोही लाल रंगात. एकशे सत्तावीस.

नानाजींनी चष्मा पुसला. पाणी शंभराला उकळतं हे त्यांना पाठ होतं. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. डबा कोमट होता, मांजराच्या पाठीइतका. दुसऱ्या कोणाचा विश्वास हातावर बसला असता. पण हाताला विचारायचं नाही, यंत्राला विचारायचं, आणि यंत्र एकशे सत्तावीस म्हणत होतं. आत कुठंतरी निखारा धुमसतो आहे आणि त्याच डब्यात आपले पंचवीस उन्हाळे आहेत, एवढंच त्यांना दिसलं.

"जावयाले फोन लावा," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"काय सांगू? तुम्ही दिलेली वस्तू खराब निघाली म्हणून सांगू? जावयानं हौसेनं दिलेल्या वस्तूत खोट काढतात का?"

"मंग सपनाले सांगतो मी," त्या म्हणाल्या.

"सपनाले सांगितलं म्हणजे त्यायलेच सांगितलं. काही नाई, घरातल्या घरात पाहू."

घरातल्या घरात ही गोष्ट पाऊण तास राहिली. मग भैय्याजी आले. त्यांनी तराजू पाहावा तसा पडदा डोळे बारीक करून पाहिला आणि म्हणाले, "नानाजी, याले कूलर पायजे." घरात कूलर एक. तो झोपायच्या खोलीतून समोरच्या खोलीत आला, आणि वाळ्याच्या ताट्यांमधून सुटलेला गार वारा कॉम्प्युटरवर वाहू लागला. प्रमिलाबाई रात्री ओला टॉवेल अंगावर घेऊन अंगणात झोपल्या. पहिला आकडा उतरला, दुसराही उतरला. तिसरा जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी भैय्याजींनी डब्याखाली ओली रेती टाकायला लावली, माठाखाली टाकतात तशी. तिसऱ्या दिवशी खिडकीला ओलं पोतं टांगलं. शेजारच्या शकुंतलाबाईंनी पाहिल्या पाहिल्या निदान केलं, "याले ऊन लागलं जी," आणि एक पांढरा कांदा दोऱ्यात बांधून डब्याला लावून दिला. नानाजींना हे शास्त्राला धरून वाटलं नाही. पण ऊन लागू नये म्हणून त्यांच्या स्वतःच्या खिशात त्या क्षणी कांदा होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. खाटेवरचे म्हातारे आता "आज किती?" विचारत, तेव्हा त्यांना ऊन विचारायचं नसे. "तेवढेच आहेत," नानाजी पडल्या आवाजात सांगत. घरात असाध्य दुखणाईत असावा तसे लोक माना हलवत. रोज सकाळ-संध्याकाळ ते एका नव्या वहीत तिन्ही आकडे लिहीत. सवयच ती.

या सगळ्यात व्यवहारी बुद्धी एकट्या प्रमिलाबाईंना सुचली. एकशे सत्तावीस डिग्री घरात फुकट जात असताना गच्चीवर कशाला चढायचं, म्हणून त्यांनी गव्हाच्या चिकाच्या कुरड्या कॉम्प्युटरभोवती ताटांत घातल्या. तीन दिवसांनी पाहतात, तर कुरड्यांना आंबूस वास आणि हिरवी बुरशी.

"अवो, एकशे सत्तावीसमधी कुरडई वाळत नाई का?"

"कूलरचा दमटपणा आहे ना," नानाजी म्हणाले. पण त्यांच्या मनात त्या कुरडईनं घर केलं. यंत्र एक सांगतं आणि कुरडई दुसरंच. तिसरा पंच हवा. खात्याचा प्रमाणित थर्मामीटर मिळाला तर डब्यात घालून एकदाचा निकाल लागेल, असं ठरवून ते खात्याच्या ऑफिसात जायला सेलूच्या बसमध्ये बसले.

सेलूला आधी एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात चौकशी केली. दुकानदारानं लिनक्स हे नाव ऐकून पंखा वाढवला. "काका, आपण लिनक्सले हात नाई लावत. विंडोज टाकून देतो. मंग हे टेम्परेचर दिसनच नाई, टेन्शनच खतम." अठ्ठावीस वर्षं तापमान पाहिलेल्या माणसाला हा उपाय आंधळ्याच्या चष्म्यासारखा वाटला. नानाजी सरळ ऑफिसची पायरी चढले.

ऑफिसात अण्णाजी होते. नानाजींच्या वह्या वर्षानुवर्षं अण्णाजींच्याच टेबलावर येत. दोघांनी गुडघ्यांची चौकशी केली, चहा झाला, मग विषय निघाला.

"थर्मामीटर आहे ना," अण्णाजी म्हणाले. "कपाटातच आहे. पण तो नोंद घेणाऱ्याच्या नावावर आहे."

"नोंद घेणारा कोण?"

"रेकॉर्डले तं तुम्हीच आहे."

"मंग द्या मले."

"कसा देऊ? तुम्ही तं रिटायर झाले."

"मंग कोणाले देता येते?"

"नोंद घेणाऱ्याले."

नानाजींना या उत्तरात काही चूक सापडली नाही. खात्याची भाषा त्यांना मातृभाषेइतकी समजत असे. तरी अण्णाजींनी जुन्या ओळखीखातर एक मागणीपत्र काढलं. त्यातले अकरा रकाने नानाजींनी मन लावून भरले, त्यांना बरंही वाटलं. बाराव्या रकान्यात कारण विचारलं होतं. त्यांनी खरं ते लिहिलं, 'कॉम्प्युटरचा ताप पाहण्याकरिता'. अण्णाजींनी वाचलं, टोपी मागे सरकवली, पुन्हा वाचलं.

"नानाजी, ताप असन तं हे काम आपल्या खात्याचं नाई. आरोग्य खात्याचं आहे."

त्यात चेष्टा नव्हती हो. अण्णाजी कामाच्या वेळेत चेष्टा करत नसत. नानाजी परतीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसून बाहेरची जळालेली शेतं पाहत राहिले. अठ्ठावीस वर्षं ज्या थर्मामीटरच्या डोळ्याला डोळा लावला, तो कपाटात पडून आहे आणि आपल्याला अर्धा तासही मिळत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. हिंगणी आली तरी ते उठले नाहीत. कंडक्टरनं दोनदा हाक मारली.

गावच्या आरोग्य उपकेंद्रात कमला सिस्टर होत्या. त्यांनी रजिस्टर उघडलं.

"पेशंटचं नाव?"

"कॉम्प्युटर."

सिस्टरनी मान वर केली नाही. लसीकरणाचा दिवस होता, समोर बावीस पोरं रडत होती. "वय?"

"असन पाच वर्षांचा."

"काय होते?"

"गरम राह्यते."

"हा घ्या थर्मामीटर, उद्या आणून देजो. बेचाळीसच्या वर पारा जात नाई याचा. तेवढा ताप असन तं सीधा वर्धेले न्या."

घरी येऊन नानाजींनी डब्याचं बाजूचं झाकण काढलं. आत धूळ होती, तारा होत्या आणि मधोमध एक छोटा पंखा गरगरत होता. काचेची कांडी बोटात धरून त्यांनी हात आत घातला. पारा पाहायला वाकले, आणि चंदेरी रेषा डोळ्यांसमोर आली तशी त्यांची तंद्री लागली. पांढरी पेटी, भिंतीखालचं निळं पाणी, लांबवर एक टिटवी. हात जरासा खाली आला. खट्ट असा आवाज झाला. पंख्यानं कांडीचे तीन तुकडे केले, पाऱ्याचे गोल मणी ओल्या रेतीवर धावत सुटले, आणि नेमकी त्याच घटकेला वीज गेली.

नानाजी तिथंच जमिनीवर बसले. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांच्या हातून थर्मामीटर फुटला होता.

पहिला फुटला तो अकरा मे एकोणीसशे चौऱ्याऐंशीला. काच पुसताना हातातून निसटला. नवा यायला एकोणीस दिवस लागले. ते एकोणीस दिवस वहीत काय लिहायचं? रकाना रिकामा सोडायची हिंमत त्यांच्यात नव्हती. म्हणून ते भर दुपारी दोनला धरणाच्या भिंतीवरच्या काळ्या दगडावर अनवाणी उभे राहत आणि आकडे मोजत. विसापर्यंत उभं राहवलं तर बेचाळीस. पंधराला पाय उचलला तर चव्वेचाळीस. पॉइंटनंतरचा आकडा ते मनानं घालत. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. मॅडम अखंड म्हणाल्या तेव्हा कान लाल झाले होते, ते कौतुकानं नव्हे. चौऱ्याऐंशीची वही सगळ्यांच्या खाली जात होती, तीही आपोआप नव्हे.

पोस्टकार्डानं त्यांनी पाऱ्याचे मणी गोळा केले, काचा वेचल्या. वीज रात्रभर आली नाही. त्या उन्हाळ्यात वीज येण्याचीच बातमी व्हायची.

वीज आली पहाटे पाचला. अंगणात गार झुळूक होती, भैय्याजींच्या दुकानाच्या पत्र्यावर कावळा बसला होता. बारा तास बंद असलेला डबा रांजणासारखा थंड लागत होता. नानाजींनी भीतभीत बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा उजळला, उन्हाळे सगळे जागच्या जागी होते. वर पहिला आकडा तीस, दुसरा एकोणतीस. तिसरा एकशे सत्तावीस.

त्यांनी नवी वही उघडली. बारा दिवस, सकाळ-संध्याकाळ, कूलर असताना, नसताना, पोतं ओलं असताना, वाळलेलं असताना, तिसऱ्या रकान्यात एकच आकडा खालपर्यंत उतरत गेला होता. पारा असा वागत नाही. पारा कमी होतो, जास्त होतो, ढग आला तरी दचकतो. हा आकडा कोणी मोजलेलाच नव्हता, नुसता लिहिलेला होता. असा आकडा ओळखायला जिल्ह्यात नानाजींइतका लायक माणूस दुसरा नव्हता.

त्यांनी जावयाला फोन लावला.

"बाबा?" प्रफुलचा आवाज झोपेत होता. "सगळं ठीक ना?"

"ठीक आहे, प्रफुलराव. वस्तू एकदम चांगली आहे. फक्त एक विचाराचं होतं. थो तिसरा आकडा कोठचा आहे?"

"तिसरा? तो तर मी मुद्दाम बंद ठेवला होता. चालू कसा झाला?"

"रकाना रिकामा होता," नानाजी म्हणाले.

प्रफुल हसला, पण मायेनं. "बाबा, त्यातल्या चिपला तीन ठिकाणची उष्णता मोजता येते. बनवणाऱ्यानं दोनच ठिकाणी सेन्सर लावलेत. तिसऱ्या टोकाला काही जोडलेलंच नाही."

"मंग एकशे सत्तावीस आले कुठून?"

"काही नसलं, की त्याला येणारा सगळ्यात मोठा आकडा तो सांगून टाकतो. विचारलं की काहीतरी सांगावंच लागतं त्याला."

नानाजींची नजर सगळ्यांत खालच्या वहीकडे गेली.

"त्यानं रिकामं सोडाले पायजे होतं," ते म्हणाले.

"त्याला ती सोय नाही ना, बाबा. आपणच एकदा लिहून द्यायचं, की इथे काही नाही, इकडे लक्ष देऊ नकोस. मग तो पुन्हा तो आकडा दाखवत नाही. एकच ओळ आहे, सांगू?"

एकेक अक्षर विचारत नानाजींनी ती ओळ टाइप केली. कॉम्प्युटर बंद करून लावला. वर दोनच आकडे उमटले. तिसऱ्याची जागा कोरी होती, आणि त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

प्रमिलाबाई चुलीपाशी बुरशी आलेल्या कुरड्या निवडत होत्या. नानाजी तिथं जाऊन उभे राहिले.

"एक सांगाचं होतं. चौऱ्याऐंशी साली..."

"थर्मामीटर फुटलता," प्रमिलाबाई म्हणाल्या.

नानाजी पाटावर बसले. "तुले कोणं सांगितलं?"

"सांगाले कशाले पायजे? एकोणीस दिवस तुमच्या तळपायाले खोबऱ्याचं तेल कोण लावत होतं? विचारलं तं म्हणा, जोडा चावला. दोन्ही पायाले, अन् खालून?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुम्ही सांगान म्हणून वाट पाहून राह्यली होती." त्यांनी एक बरी कुरडई बाजूला ठेवली. "तेवीस वर्षं लावले बापा तुम्ही."

नानाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुरानं आलं असं म्हणायला चूल तरी पेटलेली हवी होती. ती पेटलेली नव्हती.

पाच जूनला माधवी मॅडम आल्या. कूलर झोपायच्या खोलीत परत गेला होता. डब्याचा कांदा मात्र शकुंतलाबाईंनी काढू दिला नव्हता, कारण त्यांच्या मते गुण त्याचाच होता. मॅडम खुर्चीवर बसून एकेक उन्हाळा खाली सरकवत गेल्या आणि चौऱ्याऐंशीला थांबल्या.

"नानाजी, इथे अकरा मे ते एकोणतीस मे रिकामं आहे."

"हो जी."

"वहीत तर आकडे आहेत." वही उघडीच ठेवली होती, सगळ्यांच्या वर.

"आहेत. पण थे कोणी मोजले नाईत." नानाजी खुर्चीच्या बाजूला, साहेबांपुढे उभं राहावं तसे उभे होते. मग त्यांनी सगळं सांगितलं. दगड, मोजणी, पॉइंटनंतरचा आकडा. सांगून झाल्यावर म्हणाले, "तुमचा अखंड शब्द मले वापस द्यावा लागते."

मॅडमनी आपल्या कागदावरचा एक शब्द खोडला. नानाजींनी ते पाहिलं. लागलं त्यांना. पण पेटीचं झाकण लावायची घाई आता नव्हती.

"रिकामंच राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "फक्त शेजारी शेऱ्याचा रकाना आहे, त्यात कारण लिहा. पुढे कोणी वाचलं तर कळायला हवं."

नानाजी खुर्चीवर बसले आणि एकेका बटणानं त्यांनी लिहिलं, 'थर्मामीटर फुटला'. तेवढ्यात प्रमिलाबाई कैरीचं पन्हं घेऊन आल्या. पेले ठेवता ठेवता त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"अन् अकरा तारखेले तळपायाले तीन फोड होते. थेही लिहा."

"दोन होते," नानाजी म्हणाले.

"तुम्ही कुठं पाह्यले? पाय तं माह्या मांडीवर होते."

मॅडमनी पन्ह्याचा पेला तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर पाहिलं. नानाजींचं बोट बटणावर तसंच राहिलं. त्यांना ती संध्याकाळ दिसत होती, अंगणातली खाट, तेलाची वाटी, कंदिलाच्या उजेडात वाकलेला एक चेहरा. मग त्यांनी तीन लिहिले.